भरती बंद असताना पुढे शिकावं का? माझा हिशोब

मंदी आली की वैमानिकाला जो तो एकच सल्ला देतो: वेळ मिळालाय, तर पुढे शिकून घे. देणाऱ्याचं काय जातं? घेणाऱ्याला मात्र फी भरावी लागते, वर्षं द्यावी लागतात आणि त्या वर्षांत जे उडणं होत नाही त्याचीही किंमत मोजावी लागते. ही तिसरी किंमत या क्षेत्राबाहेरच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

२०२० उजाडलं तेव्हा माझ्याकडे कमर्शियल पायलट लायसन्स होतं, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान आणि बाहेर न दिसता फक्त उपकरणांवरून उडवण्याची परवानगी) होतं, एअरलाइन लायसन्सचे, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्याचे, थिअरीचे सगळे पेपर सुटलेले होते. शिवाय प्रशिक्षणाचं कर्ज होतंच. मार्चनंतर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आयकाओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जगभरात साधारण ४५० कोटी प्रवासी विमानाने गेले, २०२० मध्ये १८० कोटी. एअर फ्रान्सने मे महिन्यात आपली ए३८० ही महाकाय विमानं कायमची निवृत्त केली, जुलैत ब्रिटिश एअरवेजने ७४७. स्पेनमधल्या तेरुएलला आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जला शेपटीला शेपूट लावून उभ्या केलेल्या विमानांचे फोटो आमच्या बॅचच्या ग्रुपवर रोज यायचे. सुरुवातीला त्यावर विनोद व्हायचे, मग तेही बंद झाले. हजारो तास उडवलेले कॅप्टन घरी बसले होते. त्यांच्यापुढे माझे दोनशेच्या आसपासचे तास कोण विचारणार?

पहिला प्रश्न साहजिकच हा, की हे चालणार किती दिवस. मी जुन्या मंद्या वाचायला घेतल्या आणि त्यातून उत्तर मिळण्याऐवजी गोंधळ वाढला. अमेरिकेचंच घ्या. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिथली भरती आटली. सावरत असतानाच, डिसेंबर २००७ मध्ये, वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं. आयकाओने ते त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर २००६ मध्येच केलं होतं. म्हणजे ज्यांच्या जागा रिकाम्या व्हायच्या ते आणखी पाच वर्षं खुर्चीत. त्यावर २००८ चं आर्थिक संकट. त्या पिढीतल्या कित्येक को-पायलटांची तरुणपणाची वर्षं एकाच सीटवर गेली. आता २०२० बघा. अनेक कंपन्यांनी ज्येष्ठ वैमानिकांना पैसे देऊन लवकर निवृत्त केलं, प्रवासी अपेक्षेपेक्षा लवकर परतले आणि २०२२ मध्ये त्याच अमेरिकेत वैमानिक कमी पडताहेत अशी ओरड सुरू झाली. एक मंदी दहा वर्षं रेंगाळली, दुसरी दोन वर्षांत उलटली. आत असताना आपण कुठल्या मंदीत आहोत हे कळायला काहीही मार्ग नसतो. विश्लेषकांनाही नव्हता, त्यांनी फक्त आत्मविश्वासाने सांगितलं एवढंच.

त्यामुळे मी एक नियम केला. ज्या कोर्सचं गणित ‘मंदी अमुक वर्षं चालेल’ या गृहीतकावर बसतं, तो कोर्स बाद. यादीतले निम्मे पर्याय तिथेच गळले.

यादी लांबलचक होती, कारण प्रत्येक जण काहीतरी सुचवत होता. सर्वांत जोराचा आग्रह टाइप रेटिंगचा. ए३२० किंवा ७३७, एका विशिष्ट विमानाची परवानगी स्वतःच्या पैशाने काढून ठेवायची, म्हणजे भरती उघडली की आपण तयार. ऐकायला ठीक. पण मंदीत बाजारात जे वैमानिक मोकळे झालेले असतात त्यांच्याकडे त्याच विमानावरचे हजारो तास असतात. माझ्याकडे रेटिंगचा शिक्का आणि त्या विमानावरचे शून्य तास. शिवाय युरोपच्या नियमांत हे रेटिंग वर्षभराचं असतं. वर्ष संपलं की पुन्हा त्या विमानाच्या सिम्युलेटरवर परीक्षा, पुन्हा खर्च. आणि उद्या भरती करणारी कंपनी नेमकी तेच विमान वापरेल कशावरून? नेमणुकीचं पत्र हातात असल्याशिवाय स्वखर्चाने टाइप रेटिंग करू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. कर्ज काढून तर नाहीच.

विमान वाहतूक व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी हा दुसरा लाडका पर्याय. माहितीपत्रकावर हमखास सूर्यास्ताच्या वेळचं विमान असतं. मला त्यात एकच अडचण दिसली, पण ती मोठी होती: विमान कंपन्या वैमानिक घेत नाहीत तेव्हा त्या ऑफिसातली माणसंही कमीच करत असतात. कॉकपिटचं दार बंद झालं म्हणून ज्या दारावर जायचं, तेही त्याच घराचं. फ्लाइट डिस्पॅचरचं लायसन्स मात्र मला खरंच खुणावत होतं. हवामान, इंधनाचा हिशोब, मार्ग आखणं हे सगळं मला आवडतं. पण तोही त्याच उद्योगावर अवलंबून, म्हणून तूर्त बाजूला ठेवला. इन्स्ट्रक्टर रेटिंग चांगलं, पण फ्लाइंग स्कूलच बंद होत्या. पुढे त्या उघडल्यावर मी ते केलं, त्याबद्दल पुढे येईलच.

आमच्या बॅचमधल्या एकाने त्या वर्षात ऑनलाइन प्रमाणपत्रांचा सपाटा लावला होता. ड्रोन, मानवी घटक, सुरक्षा व्यवस्थापन, धोकादायक मालाची वाहतूक. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्याला दोष देत नाही. हात रिकामे असले की माणूस काहीतरी करत राहतो.

दरम्यान माझ्याकडे काय आहे आणि ते कधी संपतंय याचा तक्ता मी मांडला. वैमानिकाचं शिक्षण पदवीसारखं भिंतीवर टांगून विसरता येत नाही, त्याच्या प्रत्येक तुकड्याला मुदत असते. पहिल्या श्रेणीचं मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, माझ्या वयात दर बारा महिन्यांनी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी परीक्षा देऊन टिकवायचं. प्रवासी न्यायचे तर गेल्या नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. इंग्रजी आयकाओच्या मोजपट्टीवर चौथ्या पातळीचं असेल तर काही वर्षांनी पुन्हा तपासणी. थिअरीच्या पेपरांनाही मुदत: युरोपात ते पास झाल्यापासून छत्तीस महिन्यांत लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळवावं लागतं. मग इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत शेवटची जेव्हा संपली असेल तिथून सात वर्षं ते पेपर एअरलाइन लायसन्ससाठी धरले जातात. त्यानंतर सगळे पेपर पहिल्यापासून. तारखांचे रकाने भरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडची बचत फार तर दोनांपैकी एका गोष्टीला नीट पुरेल: पूर्णवेळ पदवीची फी, किंवा हे सगळं जिवंत ठेवणं.

कागदावरची मुदत ही झाली एक बाजू. हात किती सुटतो ते मला सिम्युलेटरवर कळलं. बरेच महिने उडाले नव्हते. एका छोट्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तासाच्या भाड्याने सिम्युलेटर मिळत होता, म्हणून गेले. इन्स्ट्रक्टर सरांनी ऑटोपायलट बंद, फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं वळवायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण) बंद, डावीकडून वारा आणि ढग खाली आणून ठेवले. “आधी होल्डिंग कर, मग आयएलएस.” म्हणजे आधी हवेत ठरलेल्या चकरा मारत थांबायचं, मग रेडिओ संकेतांच्या आधाराने धावपट्टीकडे उतरायचं. होल्डिंगमध्ये कसं शिरायचं हे मी मनातल्या मनात चटकन काढलं, पॅरलल एन्ट्री (शिरण्याच्या ठरलेल्या पद्धतींपैकी एक), बरोबर होती. वाऱ्याची दुरुस्ती, चकरेच्या दूर जाणाऱ्या बाजूची (आउटबाउंडची) वेळ, सगळं आठवत होतं. मला वाटलं, काही बिघडलेलं नाही. मग अ‍ॅप्रोच सुरू झाला.

ग्लाइडस्लोपची, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणारी, सुई अर्धा ठिपका वर गेली, मी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. नजर ॲटिट्यूडवरून हेडिंगवर, हेडिंगवरून लोकलायझरवर, परत ॲटिट्यूडवर अशी फिरायला हवी. (पहिलं विमानाचा कल दाखवतं, दुसरं दिशा, तिसरं धावपट्टीची मध्यरेषा.) एकेकाळी नजरेची ही फेरी, म्हणजे स्कॅन, आपोआप व्हायची. आता नजर एका जागी खिळली आणि तेवढ्यात हेडिंग सात-आठ अंशांनी सरकलं. ते सावरायला गेले तर लोकलायझर दुसऱ्या बाजूला पळाला. परीक्षेत सुई मध्यापासून अर्ध्या स्केलपर्यंतच सरकण्याची मर्यादा असते. सहाशे फुटांवर मी ती ओलांडली. सर काही बोलले नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं. मी गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेले. तो मात्र व्यवस्थित झाला.

“थिअरी डोक्यात राहते, स्कॅन नाही राहत,” सर नंतर म्हणाले. “पुस्तक घेऊन बसशील तर पुस्तकातलंच येईल.”

यानंतर पूर्णवेळ अभ्यासक्रमांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. दोन वर्षं वर्गात बसायचं आणि महिन्यातून एकदाही सिम्युलेटर परवडायचा नाही, असं झालं तर पदवी मिळेपर्यंत मी कागदोपत्री वैमानिक उरले असते. तरीही एका विद्यापीठात फोन लावला. विचारलं, मधेच नोकरी लागली आणि सहा महिने यायला जमलं नाही तर? पलीकडच्या माणसाला प्रश्नच विचित्र वाटला. प्रवेश रद्द होईल, फी परत नाही, हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारला आणि उत्तर लेखी मागितलं. अभ्यासक्रम काय, प्राध्यापक कोण, हे सगळं नंतर.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, तर सीनियॉरिटीमुळे. बऱ्याच एअरलाइनमध्ये तुमचा क्रमांक रुजू होण्याच्या तारखेवरून ठरतो आणि मग कुठलं विमान, कुठला तळ (कुठल्या शहरातून उडायचं), कुठल्या सुट्ट्या, कॅप्टन कधी, सगळं त्या क्रमांकावर चालतं. कपात करायची वेळ आली तर यादी खालून कापत येतात. तिथे तुमच्या पदवीची वर्षं मोजत नाहीत. भरती उघडते त्या महिन्यात तुम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये अडकलेले असाल, तर ते नुकसान पुढे तीस वर्षं सोबत येऊ शकतं.

मग पदवी हवीच कशाला? कंपन्यांच्या दृष्टीने तिला किती किंमत आहे हे मी शोधलं, तर चित्र कमालीचं विस्कळीत निघालं. पदवीचं थेट तासांत रूपांतर होतं असं एक उदाहरण अमेरिकेत आहे. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही एअरलाइन लायसन्स आणि त्यासाठी १५०० तास सक्तीचे झाले. पण मान्यताप्राप्त विद्यापीठाची विमानविद्येतली पदवी असेल तर १००० तासांत काम भागतं, दोन वर्षांची असोसिएट पदवी असेल तर १२५० मध्ये. गंमत अशी, की त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० पेक्षा जास्तच तास होते. असो. दुसरीकडे डेल्टासारख्या बड्या कंपनीने चार वर्षांच्या पदवीची अट जानेवारी २०२२ मध्ये काढूनच टाकली. म्हणजे वैमानिकांचा सुकाळ असला की पदवी ही चाळणी होते आणि तुटवडा पडला की चाळणीची गरज उरत नाही. अशा चाळणीसाठी मी माझी बचत घालायला तयार नव्हते.

इथवर आल्यावर पदवीचा विषय जवळजवळ मिटला होता. तो पुन्हा उघडला मेडिकलने.

वार्षिक तपासणीला गेले तेव्हा सर्दी होती. जाऊ की नको असं झालं होतं, पण मुदत संपत होती. श्रवणचाचणीत एका कानाचा आलेख खाली आला. नियम असा आहे की प्रत्येक कान वेगळा तपासायचा आणि ५००, १००० किंवा २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त घट चालत नाही. ३००० ला ५० पर्यंत चालते. माझा आकडा ५०० ला सीमेच्या पलीकडे होता. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सर्दीने मध्यकर्ण भरलाय, काही आठवड्यांनी परत या, तोवर तात्पुरतं अनफिट. त्यांच्यासाठी रोजचीच गोष्ट. फॉर्मवर त्या शब्दाला आधीच छापलेला चौकोन होता, त्यांनी त्यात खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.

कान बरा झाला, आलेख सरळ आला, मेडिकल मिळालं. पण मधल्या आठवड्यांत मी माझा तक्ता पुन्हा काढून बसले होते. टाइप रेटिंग, इन्स्ट्रक्टर रेटिंग, इन्स्ट्रुमेंटची परीक्षा: प्रत्येक रकाना त्या एका चौकोनावर उभा होता. मंदी असो की तेजी, मेडिकल गेलं तर सगळे एका दिवसात शून्य. आणि मंदी कधीतरी संपते, मधुमेह किंवा हृदयाची तक्रार बरेचदा संपत नाही. भरती होत नाही म्हणून शिकायचं की नाही, हा प्रश्नच मी चुकीच्या टोकाने धरलेला आहे असं मला दिसलं. शिकायचंच होतं, पण कंपनीला दाखवायला नव्हे. जे शिकायचं ते मेडिकलशिवाय चालणारं, या उद्योगाबाहेरही विकलं जाणारं, आणि बोलावणं आलं की जागच्या जागी थांबवता येणारं हवं होतं.

एवढ्या अटी लावल्यावर पर्याय फार उरत नाहीत, आणि त्याने कामच सोपं झालं. मी दूरशिक्षणाने संख्याशास्त्राची पदवी घ्यायला सुरुवात केली. विषयागणिक नोंदणी, विषयागणिक फी, पूर्ण करायला भरपूर वर्षांची मुभा, आणि एखादं सत्र सोडलं तर दंड नाही, हे लेखी. संख्याशास्त्रच का, तर त्याला दोन्हीकडे गिऱ्हाईक आहे. २७,००० किलोपेक्षा जड विमानं चालवणाऱ्या कंपन्यांना उड्डाणांच्या नोंदींचं विश्लेषण करणारी व्यवस्था ठेवावीच लागते. कुठल्या धावपट्टीवर विमानं वारंवार उंचावरून आणि वेगात येतात, कुठे टचडाउन (चाकं टेकणं) लांबतो, हे त्या नोंदींतून शोधणारी माणसं लागतात. विमानं माहीत असलेला आणि आकड्यांना न घाबरणारा माणूस तिथे चालतो, मेडिकल नसलं तरी. आणि तेही नसेल तर बँका आणि विमा कंपन्या आहेतच.

उरलेल्या पैशांचा मोठा वाटा सिम्युलेटरला. एका बॅचमेटबरोबर भागीदारी केली: एक तास तिने उडवायचं आणि मी मॉनिटरिंग, म्हणजे शेजारी बसून लक्ष ठेवणं, करायचं, मग उलट. खर्च निम्मा, आणि दोघींचं कॉकपिटमधलं बोलणं सुधारलं ते वेगळंच. फ्लाइंग स्कूल उघडल्यावर इन्स्ट्रक्टर रेटिंग केलं. विद्यार्थी थोडे होते, तास हळू चढले. पण शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याचं फ्लेअर (चाकं टेकण्याआधी नाक वर घेणं) चुकताना पाहायचं आणि हात कंट्रोलवर न्यायचा की नाही हे सेकंदात ठरवायचं, याने मी जितकी शिकले तितकी स्वतः उडवून शिकले नव्हते. त्या काळात माझा दिवस सकाळी फ्लाइंग, दुपारी सामान्य वितरण आणि विचरण, असा जायचा. दुपारच्या तासांत झोप यायची, हेही नमूद करते.

२०२२ मध्ये भरतीच्या जाहिराती परत आल्या. मुलाखतीत पॅनलने माझा अर्ज चाळला. पदवीच्या ओळीवर एक जण क्षणभर थांबले, “संख्याशास्त्र? बरं,” म्हणाले आणि लॉगबुकची शेवटची पानं उघडली. गेल्या सहा महिन्यांत किती, इन्स्ट्रुमेंटवर किती, सिम्युलेटर कुठे केला. मग सिम्युलेटरची चाचणी, त्यात पुन्हा तोच ऑटोपायलट बंद करून आयएलएस. सुई या वेळी मध्याजवळ राहिली. शेवटचा प्रश्न होता, कधीपासून येऊ शकता? मी म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा. विद्यापीठाला त्याच संध्याकाळी सत्र सोडत असल्याचं कळवलं, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं.

त्याच सुमारास आमच्या बॅचमधल्या एकालाही बोलावणं आलं होतं. तो पूर्णवेळ एमएस्सी करत होता, प्रबंध अर्ध्यावर होता. त्याने प्रबंध पूर्ण केला आणि नंतरच्या बॅचला आला. सीनियॉरिटीच्या यादीत तो माझ्या बराच खाली आहे, आणि तळ निवडताना त्याला ते जाणवतं. पण ती पदवी त्याला मनापासून हवी होती, आणि कंपनीच्या सुरक्षा विभागात त्याला आत्ताच विचारणा होते, मला होत नाही. त्यामुळे माझाच हिशोब खरा असा दावा मी त्याच्यासमोर तरी करत नाही.

माझी पदवी अजून पूर्ण नाही. टाइप रेटिंग आणि लाइन ट्रेनिंगच्या (प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरच्या प्रशिक्षणाच्या) काळात पुस्तक उघडणंही जमलं नाही, पुढेही एखादं सत्र रोस्टरने खाल्लं. सध्या कालश्रेणीचा विषय घेतलाय. परीक्षेची तारीख आणि सिम्युलेटरच्या सहामाही तपासणीची तारीख एकाच आठवड्यात आली आहे, आणि दोनांपैकी पुढे ढकलता येणारी एकच आहे.